विश्लेषण : हिमनद्या वितळल्याने ध्रुवीय समुद्रात पारा वाढतो का? ग्रीनलँडच्या आकड्यांवरून वाद कशासाठी?

ग्रीनलँडच्या नैऋत्य किनाऱ्यावर बर्फाच्या थराखालून वाहत येणाऱ्या पाण्यात पाऱ्याचे प्रमाण धक्कादायक असल्याचा दावा करणारा शोधनिबंध मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याच्या बातम्या झाल्या. ‘बर्फ वितळतोय, आता विषही बाहेर पडतेय’ असा त्या बातम्यांचा सूर होता. जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका पथकाचा निबंध आला. त्याचे म्हणणे नेमके उलट होते. तो आकडा पुन्हा मिळत नाही आणि या पाण्यात पारा फारच कमी आहे, असे त्यात म्हटले होते. या दुसऱ्या निबंधाच्या बातम्या मात्र पहिल्याच्या तुलनेत फारशा झाल्या नाहीत. त्यामुळे ग्रीनलँडचा बर्फ म्हणजे पाऱ्याचा बॉम्ब, हा समज अनेकांच्या मनात कायम आहे. सील आणि देवमाशाचे मांस हा ज्यांचा रोजचा आहार आहे, त्या इनुइट समाजासाठी या दोन निष्कर्षांतला फरक थेट ताटातला आहे.

नेमका वाद काय?

पहिला निबंध ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आला. जॉन हॉकिंग्ज आणि सहकाऱ्यांनी नैऋत्य ग्रीनलँडमधील तीन हिमनद्यांच्या पाणलोटांतून येणारे पाणी आणि त्याखालचे फियॉर्ड तपासले. फियॉर्ड म्हणजे उंच डोंगरांमधून जमिनीत खोलवर शिरलेली अरुंद खाडी. नद्यांमध्ये साधारणपणे विरघळलेला पारा लिटरमागे काही नॅनोग्रॅम असतो. इथे तो १५० नॅनोग्रॅमच्या वर असल्याचे पथकाने सांगितले. इतका पारा हवेतून येणे शक्य नाही, तो बर्फाखालच्या खडकांतूनच येत असावा, असा त्यांचा तर्क होता. या हिशेबाने एकट्या नैऋत्य ग्रीनलँडमधून वर्षाला जास्तीत जास्त ४२ टन विरघळलेला पारा समुद्रात जातो असे दिसत होते. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढा पारा नेतात, त्याच्या हे सुमारे १० टक्के होते.

हा आकडा किती मोठा, हे दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवल्यावर कळते. आर्क्टिक परिषदेच्या देखरेख कार्यक्रमाने (संक्षेपात ‘अमॅप’) २०२१ मध्ये पाऱ्याचा सविस्तर आढावा घेतला. आर्क्टिक महासागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्या, म्हणजे सैबेरियातल्या ओब, येनिसेई, लेना आणि कॅनडातली मॅकेन्झी यांच्यासह, वर्षाला साधारण ४० टन पारा आणतात असा या विषयावरील शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे ग्रीनलँडचा एक कोपरा या सगळ्या महानद्यांच्या बरोबरीचा ठरत होता. शंका येण्यासारखीच ही गोष्ट होती.

दुसरा निबंध ‘सायन्स अॅडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झाला. ख्रिश्चन युंकर यॉर्गेनसेन आणि सहकाऱ्यांनी पश्चिम ग्रीनलँडमधील २१ ठिकाणी हिमनद्यांच्या मुखाशी पाणी तपासले. आधी सांगितलेले प्रमाण ग्रीनलँडच्या इतर गोड्या पाण्यापेक्षा १०० ते १००० पट जास्त होते. यांना तसे काहीच आढळले नाही. बर्फाखालून येणाऱ्या पाण्यात पारा अत्यल्प आहे, जगाच्या पाऱ्याच्या ताळेबंदात त्याचा वाटा किरकोळ आहे आणि स्थानिक लोकांना त्यापासून असलेला धोका फारच मर्यादित आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

एकाच पाण्याच्या मोजणीत इतका फरक कसा?

नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. ऑलिम्पिक आकाराच्या जलतरण तलावात सुमारे २५ लाख लिटर पाणी मावते. लिटरला एक नॅनोग्रॅम या हिशेबाने अख्ख्या तलावात पारा असेल फक्त अडीच मिलिग्रॅम. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम पारा असायचा. तेवढ्यात असे ४०० तलाव या पातळीला येतील. खुल्या महासागरातले प्रमाण तर याहूनही कमी, लिटरला एक नॅनोग्रॅमच्याही काही अंशांत मोजावे लागते.

इतके सूक्ष्म मोजायचे म्हणजे बाटली, हातमोजे, गाळणी, नमुना टिकवण्यासाठी घातलेले आम्ल, प्रयोगशाळेतली हवा यांपैकी कशातूनही पारा नमुन्यात शिरू शकतो. म्हणून नमुने घेण्याची एक पद्धतच ठरलेली आहे. ‘स्वच्छ हात, अस्वच्छ हात’ असे तिचे नाव. दोन माणसे एकत्र काम करतात. एक जण बाहेरची पिशवी, दोर, यंत्रे हाताळतो, दुसरा फक्त आतली पिशवी आणि बाटली. दुसऱ्याने इतर कशालाही हात लावायचा नाही. शिवाय पारा नसलेल्या शुद्ध पाण्याच्या बाटल्याही सोबत नेऊन तशाच उघडायच्या, बंद करायच्या आणि परत आणून तपासायच्या. त्यात पारा सापडला, तर गडबड नमुने घेण्यात आहे हे कळते. बर्फगार वाऱ्यात, दगडगोट्यांनी भरलेल्या नदीकाठावर हे सगळे काटेकोर पाळणे किती जिकिरीचे असेल याची कल्पना करता येते.

म्हणूनच या क्षेत्रात एखादा असाधारण आकडा आला की तो दुसऱ्या पथकाने, दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा मिळवून दाखवणे महत्त्वाचे मानले जाते. इथे तो मिळाला नाही. सध्या उपलब्ध असलेल्या पुराव्याचे पारडे २०२४ च्या निबंधाकडे झुकते. कारण ठिकाणे २१ आहेत आणि त्यांचे निकाल ग्रीनलँडच्या इतर पाण्याच्या जुन्या नोंदींशी जुळतात.

मग बर्फात पारा येतो तरी कुठून?

थोडा पारा खडकांत आणि ज्वालामुखींच्या वायूंत नैसर्गिकपणे असतोच. पण आज ध्रुवांवर सापडणारा बराचसा पारा माणसाने हवेत सोडलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये मानवी उद्योगांतून सुमारे २,२०० टन पारा हवेत गेला. त्यातला सर्वात मोठा, साधारण ३८ टक्के वाटा सोन्याच्या छोट्या, बहुतांशी अनौपचारिक खाणींचा होता. तिथे सोन्याचे कण वेगळे करायला पारा वापरतात आणि मग तो तापवून उडवून देतात. त्याखालोखाल कोळसा जाळणे.

पारा हा साध्या तापमानाला द्रव राहणारा आणि सहज वाफ होणारा धातू. वाफेच्या रूपात तो काही महिने ते वर्षभर हवेत राहतो. तेवढ्या काळात तो पृथ्वीला अनेक फेऱ्या मारतो. त्यामुळे आर्क्टिकमध्ये कारखाने मोजकेच असूनही पारा तिथे पोहोचतो.

तो खाली कसा उतरतो, याचे एक कोडे १९९५ मध्ये सुटायला सुरुवात झाली. कॅनडाच्या अगदी उत्तरेला एल्समिअर बेटावर अलर्ट नावाचे केंद्र आहे. महिनोन्‌महिन्यांच्या रात्रीनंतर वसंतात तिथे सूर्य उगवला की हवेतला पारा अचानक जवळजवळ नाहीसा होतो, असे तिथल्या नोंदींत दिसले. समुद्री बर्फावरच्या खारट थरातून सुटणारे ब्रोमीन सूर्यप्रकाशात पाऱ्याच्या वाफेचे रूपांतर करते आणि तो पारा बर्फावर बसतो, असे नंतर उलगडले. दक्षिण ध्रुवाकडेही हे घडते. बर्फावर बसलेला बराचसा पारा उन्हाने पुन्हा हवेत उडून जातो. उरलेला बर्फात गाडला जातो किंवा उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याबरोबर वाहू लागतो. टुंड्रातली खुरटी झुडपे आणि शेवाळेही हवेतला पारा शोषून मातीत उतरवतात.

म्हणजे हिमनदीच्या पाण्यात पारा दोन वाटांनी येतो. वरून साचलेल्या हिमातून आणि खाली खडक घासला जातो त्यातून. दोन्हींचे प्रमाण प्रत्येक हिमनदीगणिक वेगळे. एका नदीचा आकडा घेऊन साऱ्या ग्रीनलँडला गुणायचे तर चूकही तितक्याच पटीने वाढते.

किनाऱ्याच्या पाण्यात पोहोचल्यावर काय होते?

हिमनदीच्या पाण्यात किती पारा आहे यावर बहुतेक चर्चा होते. त्याहून अवघड प्रश्न असा, की तो पारा फियॉर्डमध्ये आल्यावर काय करतो. स्वालबार्ड बेटांवरचा कोंग्सफियॉर्ड याचे चांगले उदाहरण आहे. क्रोनेब्रीन, कोंग्सब्रीन अशा हिमनद्या इथे थेट समुद्रात उतरतात. खडक घासून झालेले पिठासारखे बारीक कण पाण्यात मिसळतात आणि उन्हाळ्यात हिमनदीच्या तोंडाशी समुद्र तांबूस-तपकिरी, गढूळ दिसतो. पाऱ्याला अशा कणांना चिकटायला आवडते. त्यामुळे त्याचा मोठा भाग विरघळलेल्या नव्हे, तर गाळाला चिकटलेल्या रूपात येतो आणि हिमनदीपासून थोड्याच अंतरावर तळाशी बसतो. समुद्रात पारा आला याचा अर्थ तो लगेच माशात गेला असा नाही.

वितळलेले पाणी गोडे, म्हणून हलके. हिमनदीच्या पायथ्याशी, समुद्राच्या पृष्ठभागाखाली ते बाहेर पडते आणि उसळी मारून वर येते. येताना खोल पाण्यातली पोषकद्रव्ये आणि छोटे जीव वर ओढून आणते. म्हणूनच अशा ठिकाणी किटीवेक हे समुद्रपक्षी थव्याने जमतात. खोलवरच्या पाण्यात जो काही पारा असेल तोही या उपशात वर येतो. दुसरीकडे, पृष्ठभागावर गोड्या पाण्याचा थर पसरला की वरचे आणि खालचे पाणी एकमेकांत मिसळणे कमी होते. गढूळपणामुळे ऊन आत शिरत नाही, म्हणजे शेवाळाची वाढ तिथे रोडावते. उन्हाने पाऱ्याचे घातक संयुग मोडण्याची क्रियाही मंदावते. हिमाचे पाणी समुद्रापेक्षा स्वच्छ असेल, तर त्याने पारा पातळही होऊ शकतो. हे सगळे एकाच खाडीत, एकाच मोसमात चाललेले असते. त्यामुळे ‘हिमनदी वितळली, पारा वाढला’ असे सरळ समीकरण मांडता येत नाही.

हिमनद्या मागे सरकतात तेव्हा चित्र आणखी बदलते. कोंग्सफियॉर्डमधलेच ब्लोमस्ट्रांड हे पूर्वी द्वीपकल्प समजले जायचे. हिमनदी मागे हटली आणि १९९० च्या दशकात ते बेट असल्याचे उघड झाले. हिमनदीचे टोक समुद्रातून निघून जमिनीवर गेले की पायथ्याची ती उसळी थांबते. पाणी नदी होऊन, नव्याने उघड्या पडलेल्या मातीवरून वाहत येते. वाटेत तळे असेल तर बराच गाळ तिथेच अडतो. एल्समिअर बेटावरच्या हेझन तलावात असेच दिसले. हिमनद्यांतून आलेला बहुतांश पारा तलावाच्या तळाशी जमा होतो, पुढे फारसा जात नाही.

खरा धोका कोणत्या पाऱ्याचा?

धातूरूपातला पारा अन्नसाखळीत सहज चढत नाही. काही सूक्ष्मजीव त्याला कार्बनचा एक गट जोडतात आणि मिथाइल मर्क्युरी तयार होते. हे काम जिवाणूंमधली hgc ही जनुकांची जोडी करते, हे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. प्राणवायू नसलेला गाळ ही या जिवाणूंची आवडती जागा. म्हणजे हिमनदीने आणून तळाशी टाकलेला पारा तिथे कायमचा निजला असे म्हणता येत नाही. वरून सेंद्रिय पदार्थांचा पुरवठा वाढला आणि पाणी गरम झाले, तर जिवाणूंचे काम वाढू शकते. अंटार्क्टिकाच्या समुद्री बर्फातही हे करू शकणाऱ्या जिवाणूंच्या खुणा २०१६ मध्ये सापडल्या आहेत.

मिथाइल मर्क्युरी शरीरातून हळू बाहेर पडते. माणसात त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ५० ते ७० दिवस लागतात. प्लवक, मासा, सील, ध्रुवीय अस्वल अशा प्रत्येक पायरीवर ते साठत जाते आणि शेवटच्या पायरीवर पाण्याच्या तुलनेत लाखो पट होते. आर्क्टिकमधल्या प्राण्यांतील पारा गेल्या दीडशे वर्षांत सुमारे दहापट झाल्याचे ‘अमॅप’चा आढावा सांगतो.

याचे परिणाम माणसात काय होतात हे जपानमधल्या मिनामाताने १९५६ मध्येच जगाला दाखवले. तिथे प्रमाण प्रचंड होते. आर्क्टिकमधला प्रश्न वेगळा, कमी मात्रेचा पण आयुष्यभराचा आहे. सर्वात नाजूक काळ गर्भातल्या मेंदूच्या वाढीचा. कॅनडाच्या नुनाविक भागातल्या इनुइट मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात, गर्भात असताना जास्त पारा मिळालेल्या मुलांची बुद्ध्यांक चाचणीतील कामगिरी कमी असल्याचे दिसले. फेरो बेटांवर १९८० च्या दशकापासून असा अभ्यास सुरू आहे. त्याच्या आधारे २००८ मध्ये तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पायलट व्हेलचे मांस खाऊच नये असा सल्ला दिला. ज्या समाजात या देवमाशाची शिकार हा सणासारखा प्रसंग असतो, तिथे हा सल्ला पचणे सोपे नव्हते.

नुनाविकमध्ये आरोग्य खात्याने थोडा वेगळा मार्ग धरला. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी बेलुगा देवमाशाचे मांस कमी करावे, त्याऐवजी पारा कमी आणि पोषण भरपूर असलेला आर्क्टिक चार मासा खावा, असे सांगितले. सगळे पारंपरिक अन्न बंद करा, असे सांगितले नाही. कारण तिथे पर्याय म्हणजे विमानाने आलेले, महागडे, बरेचदा डबाबंद अन्न. सील आणि मासे यांतून मिळणारी प्रथिने, लोह आणि ओमेगा-३ सोडायचे आणि साखर, मैदा खायचा, हा सौदा तब्येतीला परवडणारा नाही. म्हणूनच चुकीचा इशाराही निरुपद्रवी नसतो. ‘बर्फातून विष येतेय’ ऐकून गर्भवतीने मासा सोडला तर नुकसान तिचे आणि बाळाचे. उलट धोका खरा असूनही तो दुर्लक्षित राहिला, तरी नुकसान त्यांचेच.

हिमनद्या नाहीत, तर मोठा साठा कुठे आहे?

जमिनीत. उत्तर गोलार्धातल्या कायम गोठलेल्या मातीत, म्हणजे पर्माफ्रॉस्टमध्ये, हजारो वर्षांत वनस्पतींनी शोषलेला पारा साठला आहे. २०१८ मधल्या एका अभ्यासाने हा साठा तब्बल १६ लाख टनांहून अधिक मांडला. नंतरच्या अभ्यासाने तो निम्म्याहून खाली आणला, पण तरीही तो प्रचंड आहे. ही माती विरघळते तेव्हा पारा नद्यांत उतरतो. समुद्री बर्फाचे कवच गेल्याने लाटा किनारा खातात, त्यातूनही साधारण नद्यांइतकाच पारा आर्क्टिक महासागरात पडतो.

दुसरा साठा खुद्द समुद्रात आहे. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ग्रीनलँडमधल्या ४० वर्षांच्या, ७०० हून अधिक नमुन्यांतल्या पाऱ्याच्या समस्थानिकांचा, म्हणजे त्याच्या उगमाच्या एक प्रकारे बोटांच्या ठशांचा, अभ्यास प्रसिद्ध केला. जगात हवेत जाणारा पारा कमी होत असूनही आर्क्टिकच्या प्राण्यांत तो का वाढतो, याचे उत्तर त्यांनी सागरी प्रवाहांत शोधले. पूर्वी समुद्रात गेलेला पारा हे प्रवाह अजूनही उत्तरेकडे वाहून आणत आहेत. आज सगळ्या चिमण्या बंद झाल्या तरी हा जुना पारा लगेच संपणार नाही.

दक्षिणेकडे, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर, अशी मोजमापे अजून विरळ आहेत. तिथे मोठ्या नद्या नाहीत, पर्माफ्रॉस्टचा विस्तार तुलनेने कमी, त्यामुळे हवा आणि समुद्र हेच पाऱ्याचे मुख्य रस्ते. आर्क्टिकचे निष्कर्ष जसेच्या तसे तिकडे लावता येत नाहीत.

भारताचा संबंध काय?

कोंग्सफियॉर्डच्या काठावरच नी-ओलेसुंड येथे भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ पासून आहे. ते चालवते गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. याच फियॉर्डमध्ये २०१४ मध्ये भारताने ‘इंडआर्क’ ही पाण्याखालची निरीक्षण यंत्रणा बसवली. पाण्याचे तापमान आणि क्षारता यांची वर्षभराची नोंद ती घेते. हिमनदीचे गोडे पाणी कधी, किती आणि कोणत्या थरात आले हे समजल्याशिवाय पाऱ्याच्या आकड्याला अर्थ येत नाही, म्हणून अशा नोंदी कामाच्या. शेजारच्या झेपेलिन डोंगरावर नॉर्वेची वेधशाळा हवेतला पारा मोजते. गंमत म्हणजे नी-ओलेसुंड ही मुळात कोळशाच्या खाणीची वस्ती. १९६२ च्या भीषण अपघातानंतर ती खाण बंद झाली.

दुसरा संबंध चिमण्यांचा आहे. २०१५ च्या जागतिक पारा उत्सर्जनात दक्षिण आशियाचा वाटा सुमारे १० टक्के होता. चंद्रपूर किंवा कोराडीच्या चिमणीतून वाफ होऊन निघालेला पारा विदर्भातच राहतो असे नाही, त्यातला काही जागतिक हवेत मिसळतो. पाऱ्याच्या वापरावर आणि उत्सर्जनावर मर्यादा आणणारा मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला. भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला. त्याआधीच, डिसेंबर २०१५ मध्ये, औष्णिक वीज केंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम ठरवण्यात आली होती.

मात्र कोळशाच्या धुरातला पारा पकडण्यासाठी बहुतेक ठिकाणी वेगळे यंत्र नसते. राख आणि गंधक रोखणाऱ्या यंत्रांतच तो जाता जाता अडकतो. गंधक काढणाऱ्या ओल्या यंत्रणेत पाऱ्याचा विरघळणारा भाग चांगला पकडला जातो. जुलै २०२५ मध्ये केंद्राने देशातल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक औष्णिक संचांना ही गंधक यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. त्या निर्णयाची चर्चा गंधक, खर्च आणि वीजदर याभोवतीच झाली. त्या यंत्रणेबरोबर अडकला असता तो पारा आता किती सुटेल, हा हिशेब त्यात आला नाही.